काकांचा राणीच्या वेशातला फोटो

मित्रांनो, आज नातीसोबत भंडाऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो होतो. जपानी कार्टूनमधल्या मुलीचा वेश करून तिला फोटो काढायचे होते. निळा विग, हातात पुठ्ठ्याची तलवार. रस्त्यावरचे लोक बघून हसले, पण ती बिनधास्त. मलाच घाम फुटला, वेगळ्या कारणाने.

ऐंशीच्या दशकात मी इथे कॉलेजात होतो. अड्याळकडे धानाची शेती करणारे माझे काका मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात राणी व्हायचे. त्या वेशात एक फोटो असावा, ही त्यांची हौस. म्हणून ते इथल्या स्टुडिओत आले. लुगडं नेसताना मदतीला मी होतो.

तेवढ्यात माझे दोन वर्गमित्र आत आले. काकांकडे बघून एकाने विचारलं, "हा कोण रे?"

"मले काय माहीत? मी तं परीक्षेच्या फोटोसाठी आलो," असं म्हणून मीही त्यांच्यासोबत हसलो.

काका माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर स्वतःच सावरला आणि फोटो काढून घेतला.

नंतर बसस्टँडवर मी खाली मान घालून त्यांच्याजवळ गेलो. ते हळूच म्हणाले, "मी तुह्यासंग बोललोच नाही. तुह्या दोस्तायले काही समजलं तं नाही ना?"

पुढच्या मंडईत ते राणी झाले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मी कधीच माफी मागितली नाही, आणि आता काका नाहीत.

नातीला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?