मोटारीच्या फोनवरचा माझा आवाज

आमच्या कारखान्यात शेतातल्या पंपांचे स्टार्टर बनतात. कारखाना म्हणजे नगरच्या एमआयडीसीतली भाड्याची शेड, मालक, जोडणी करणाऱ्या काही बायका आणि मी. सर्किट आणि प्रोग्रॅम माझ्याकडे. शिवारात लाईट आली की स्टार्टर शेतकऱ्याच्या मोबाईलवर फोन लावतो आणि सांगतो, "लाईट आली आहे. मोटार चालू करण्यासाठी एक दाबा." तो आवाज माझा आहे. त्यासाठी बाहेरचं कुणी आणायला मालक तयार नव्हते, म्हणून एका दुपारी पंखे बंद करून मीच बोलले. तेव्हापासून पार कर्जत-पाथर्डीपर्यंत मी लोकांना लाईट आल्याचं सांगत असते.

बेलापूरला आमच्या विहिरीवरही हाच स्टार्टर आहे. तिथे सासूबाई एकट्या शेत बघतात. नवरा चाकणला नोकरीला, शनिवारी येतो, आणि मी नगरमध्ये खोली घेऊन राहते. सुनेचा रोज फोन येतो, असं आई शेजारणींना सांगायच्या. ती थट्टाच होती, पण मला लागायची. मी स्वतः फोन करायचा म्हटलं तर आठवडा निघून जायचा.

गेल्या उन्हाळ्यात आवाजाची चिप बाजारात मिळेनाशी झाली. आमच्या बोर्डावर कंट्रोलर नुसते आकडे पाठवतो, आणि ही चिप, म्हणजे कोडेक, त्या आकड्यांचा आवाज करून फोनच्या भागाकडे देते. दोघांच्या मध्ये तांब्याच्या बारीक रेघा असतात. काहींवरून आकडे जातात, काहींवरून ठोके. कोणत्या ठोक्याला कोणता आकडा उचलायचा, हे दोघांचं जुळलं तरच बोलणं नीट ऐकू येतं. मालकांनी मिळाला तो दुसरा कोडेक आणला. मी प्रोग्रॅम बदलला आणि बोर्ड बोलायला लागले, पण वाक्याच्या मध्येच कुठेतरी टक् असा आवाज यायचा.

त्या टक्-ने माझा उन्हाळा खाल्ला. मी सोल्डरचे डाग पुन्हा दिले, कपॅसिटर बदलले, अर्थिंग तपासलं. वर पत्रा तापलेला, कानाला हेडफोन चिकटलेला, आणि त्यात मीच मला पुन्हा पुन्हा सांगतेय की लाईट आली आहे. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. नवऱ्याचा फोन आला तरी मी हो-नाहीवर भागवायची. ऑर्डर थांबवता येत नव्हत्या, त्यामुळे तसेच बोर्ड बाहेर जात होते. बेलापूरचा जुना स्टार्टर जळाला, तेव्हा नवऱ्याने त्यातलाच एक नेऊन बसवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी मी कामावर पोचते तोच आई शेडच्या दारात उभ्या. हातात पिशवी, पदर घामाने भिजलेला. पहिल्या एसटीने निघाल्या होत्या. मला वाटलं, तिकडे काही झालं. मी विचारलं तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाई," त्या म्हणाल्या. "मग आवाज असा का येतोय? लई दमल्यावानी बोलतीस. सावकाश, जड."

मी म्हटलं, "आई, तो माझा फोन नसतो. मशीनमध्ये भरलेला जुना आवाज आहे. तो कसा दमेल?"

"ते मला कळतंय. पन आधी असा न्हवता."

मशीनमधला आवाज माणसाच्या तब्येतीनं बदलत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्या आल्या होत्या. नुसता फोन केला असता तर मी बरी आहे म्हणाले असते, असं नंतर त्यांनीच सांगितलं. पिशवीत भाकरी आणि मेथीची भाजी होती. कामाच्या बाकांमागे बसून मी जेवायला लागले आणि मला रडू आलं. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी आणखी भाजी वाढली.

आई माझ्या खोलीवर गेल्यावर मी शेडमध्ये जुना बोर्ड शोधून नव्याशेजारी ठेवला आणि दोन्ही एकदम बोलायला लावले. नवा मागे पडत गेला. आवाजही खाली उतरलेला. इतके दिवस मी फक्त टक् ऐकत होते. बाकीचं बोलणं मला माझं नेहमीचंच वाटलं होतं.

दोष ठोक्यांत होता. नव्या कोडेकला ठोका देणारा क्रिस्टल वेगळ्या मापाचा बसला होता, त्यामुळे तो आकडे हळू उचलायचा. कंट्रोलर मात्र जुन्याच वेगाने भरत राहायचा. मधला एखादा तुकडा पुसला जायचा, तिथे टक् व्हायचं. मालकांना सांगितलं. ते नवा क्रिस्टल मागवतो म्हणाले. मी दोन दिवस सुट्टी मागितली. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दिली.

ते दोन दिवस मी बहुतेक झोपून काढले. आई उशाशी बसून लसूण सोलत होत्या. मध्ये त्यांचा मोबाईल वाजला. मी डोळे मिटूनच ओळखलं, बेलापूरची लाईट आली. माझा जड आवाज खोलीत ऐकू आला आणि त्यांनी एक दाबलं.

"तासाभरात दोन्ही सऱ्या भिजतील, मग फोनवरूनच बंद करते," त्या म्हणाल्या. "तू नीज."