चौथी बादली

"टाकीचा गिझर देऊ की इन्स्टंट? सकाळी आंघोळीला माणसं किती?" दुकानदाराने विचारलं.

"तीन," नवरा सहज म्हणाला. घरात आम्ही चौघं आहोत.

"आणि मी?"

"तुझं काय, तू सगळ्यांचं आवरल्यावर करतेस."

जुन्या टाकीतलं कढत पाणी तिघांतच संपतं. चौथी बादली कोमट, आणि ती वर्षानुवर्षं माझी. डबे भरून, हाताची कणीक धुऊन मी ती अंगावर ओतते आणि शहारा गिळून टाकते. दुकानात मस्तक भडकलं. त्याच्यावर चिडलेच, पण जास्त स्वतःवर. कारण ही मोजदाद त्याला मीच शिकवली होती.

दुकानदाराला म्हटलं, "उद्यापासून पहिली आंघोळ माझी. मागून करणाऱ्यांना कुठला पुरेल, ते यांना विचारा."