शेवट शिवणारे मास्तर

नवं पुस्तक हातात आलं की लोक आधी मुखपृष्ठ पाहतात, काहीजण वास घेतात. मास्तर पुस्तक पालथं धरत आणि शेवटची दोन-चार पानं अंगठ्याच्या चिमटीत घेऊन कापडाचा पोत पाहावा तशी चोळून बघत. मग मला विचारत, "मॅडम, याले शेवट आहे काय?"

प्रश्न वेडगळ वाटेल, पण आमचं वाचनालय ज्यानं पाहिलंय तो हसणार नाही. मेहकर तालुक्यातलं लहानसं गाव, दोन खोल्यांचं वाचनालय आणि पुस्तकं बहुतेक लोकांच्या घरून दान आलेली. दान देणारा काय देतो हे तुम्हालाही ठाऊक असेल. धर्माची गाय अन् दात का नाय, म्हणून आपण गप्प बसायचं. या गाईंचे नेमके शेवटचे दात पडलेले असायचे. पुस्तकाची मागची पानं आधी ओल धरतात, आधी सुटतात आणि घरात चहाची पुडी बांधायला आधी हाताशी येतात.

मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा मास्तरांचं शिलाई मशीन वाचनालयाच्या ओट्यावर होतं. वाचनालय आधी की मशीन आधी, यावर गावात दोन मतं होती. मास्तर बायकांचे ब्लाउज आणि लेकरांचे शाळेचे कपडे शिवत. मुलीचा फ्रॉक असला की शिवणीत आत बोटभर जास्तीचं कापड दाबून ठेवत आणि आईला बजावत, "पोरगी वाढन. उसवजा अन् मोठा करजा." आईला तेवढीच एका वर्षाची सवड मिळे. बाकी वेळ ते वाचत. बोटाला थुंकी लावून पानं उलटणाऱ्या माणसांशी माझं आयुष्यभर पटलं नाही, पण मास्तरांची बोटं कायम कोरडी, खडूची. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असे. तिथे वाचायला मास्तरांनाच बसवत, आणि तिथे ते कानामात्रेचा फरक करत नसत. कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी. कपडे शिवायला आलेल्या बायकांना ते पायाखाली मशीन चालवत आख्खी कादंबरी सांगत, आणि पानं संपली की प्रामाणिकपणे म्हणत, "आता पुढचं मले वाटते ते सांगतो." त्यांना वाटे त्यात माणसं फारशी मरत नसत.

एकाच कादंबरीच्या बाबतीत ते "मले वाटते" म्हणत नसत. जुनी, जाड, पुण्याकडची सामाजिक कादंबरी. तिच्यातली इंदू वडिलांशी भांडून, स्वतःच्या मर्जीनं लग्न करून घर सोडते. बरीच वर्षं जातात. शेवटी ती परत येते, दारात उभी राहते, आणि आमच्या प्रतीची पानं संपतात. मास्तर मात्र थांबत नसत. म्हातारा बाप दार उघडतो, लेकीकडे पाहतो आणि एवढंच विचारतो, "जेवली काय वं?" इथे बायका पदर डोळ्यांना लावत. हे पुस्तकात आहे का असं कुणी विचारलं, तर मास्तर दोरा दातानं तोडून सांगत, "छापेल आहे."

हे ज्याला मुद्दाम ऐकू जावं म्हणून सांगितलं जात होतं, तो माणूस रस्त्यापलीकडे बसे. पिठाची चक्की चालवणारे भाऊ. भुवयांवर पीठ, स्वभाव जात्यासारखा जड. त्यांची लेक घरच्यांना न विचारता लग्न करून नाशिकला गेली होती आणि भाऊंनी तिचं नाव टाकलं होतं. मास्तर चक्की बंद असतानाची वेळ साधून इंदूची गोष्ट जरा मोठ्यानं सांगत. कितीतरी दिवस हे चाललं म्हणे. मग एकदा भाऊ रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी विचारलं, हे खरंच पुस्तकात आहे का. मास्तरांनी तेच उत्तर दिलं. पुढच्या दिवाळीला लेक माहेरी आली. हे सगळं मी यायच्या आधीचं. मला बायकांनी सांगितलं.

पुढे मला इंटरनेटवरची ती खुली ग्रंथालयं सापडली. लांबच्या शहरांतल्या मोठ्या ग्रंथालयांनी आपली जुनी, हक्क संपलेली पुस्तकं पान-पान स्कॅन करून कुणालाही वाचायला ठेवलेली. मी मास्तरांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी विचारलं, फुकट? फुकट. कोणालाही? कोणालाही. आणि वर्गणी? वर्गणी नाही. त्यांनी मोबाइल पालथा करून पाहिला. मग म्हणाले, "मंग आता कोन्याच पुस्तकाले शेवट नाही, असं राहनार नाही."

त्यानंतरची दोनेक वर्षं आमच्या दोघांच्याही आयुष्यातली मजेची. मी शेवट शोधायची, आमच्या खोकणाऱ्या प्रिंटरवर छापायची आणि मास्तर दाभणानं ती पानं पुस्तकात शिवून द्यायचे. इतकी सफाई, की शिवण शोधावी लागे. आपणही काही द्यावं म्हणून आम्ही गावातल्या जुन्या जलशाच्या गाण्यांची एक चोपडी त्या ग्रंथालयाला पाठवली. ती दुसरीकडे कुठेच नव्हती. मास्तरांच्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवून मी तिचे फोटो काढले. पानं दबून राहावीत म्हणून त्यांनी आपली लाकडी पट्टी धरली होती. आजही ती चोपडी उघडा, प्रत्येक पानाच्या कडेला इंचाच्या खुणा दिसतात.

फक्त इंदूचा विषय काढला की मास्तर टाळत. ते राहू द्या, त्याचा शेवट मले पाठ आहे, म्हणत. मला अर्धवट काही ठेवता येत नाही, हा माझा स्वभाव. एका दुपारी मला ती कादंबरी अखेरच्या पानापर्यंत सापडली. मी शेवटची पानं छापली आणि ओट्यावर जाऊन त्यांना वाचून दाखवली.

बाप दार उघडत नाही. आतून विचारतो, कोण आहे. इंदू नाव सांगते. आत दिवा मालवला जातो. ती उंबऱ्याला हात लावून परत फिरते. समाप्त.

मशीन थांबलं होतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मी म्हटलं, तुमचा शेवट चांगला होता, आपण ही पानं नको लावू या. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"लेखकाचं आहे, ते त्याले द्याच लागन. पन माह्या शब्दावर एका बापानं दार उघडलं, मॅडम. आता त्याच्या हाती मोबाइल आहे. उद्या त्यानं हे वाचलं अन् त्याच्या मनात आलं, का आपल्याले फसवलं, त? पोरीचं माहेर जाईन."

कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असं म्हणून ते उठले. छापलेली पानं हातात घेऊन रस्ता ओलांडून चक्कीत गेले. मी ओट्यावरून पाहत होते. भाऊंनी पट्टा थांबवला, हात झटकले, पानं घेतली आणि उभ्यानं वाचली. वाचायला फार वेळ लावला. मग बोलले. चक्की बंद असल्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"मले तवाच मालूम होतं, मास्तर. पुस्तकभर तो बाप 'अगं इंदू, अगं इंदू' करते, अन् शेवटच्या पानावर 'जेवली काय वं' म्हनते? पुन्याचा मानूस असं बोलन काय?"

मास्तरांनी विचारलं, मग तेव्हा काऊन नाही बोलले.

"मले बी दार उघडाले बहाना पाहिजे होता," भाऊ म्हणाले आणि त्यांनी चक्की सुरू केली.

मास्तर परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पीठ होतं. झटकायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं ज्याला आपण गोष्ट सांगून वळवलं असं वाटत होतं, तो गोष्टीच्या आधीच अर्धा वळलेला होता, याचा त्यांना राग आला नाही. उलट ते दिवसभर हसत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी खरा शेवट पुस्तकात शिवला.

मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. आजार असा काही नाही, चार दिवस ताप. मशीन त्यांच्या जावयानं सुलतानपूरला नेलं. ओट्यावर मशीनच्या पायांचे चार डाग राहिले आहेत आणि मी तिथे कुणाला चपला काढू देत नाही. कुणी कारण विचारलं तर मी चिडते.

भाऊंची लेक भेटायला आली होती. मास्तरांच्या घरून निघून ती वाचनालयात आली आणि त्या रिकाम्या जागेशी बसली. इंदूची कादंबरी तिनं नाशिकला असतानाच मोबाइलवर वाचून काढली होती. मला म्हणाली, "मॅडम, त्यात त बाप दारच उघडत नाही. मास्तर त मले वेगळंच सांगत होते."

मी कपाट उघडलं. आमची प्रत आणून हातात दिली. तिनं शेवट वाचला, 'समाप्त' आलं, तिनं पान उलटलं. पुढे दोन कोरी पानं होती, त्याच दोऱ्यानं, त्याच टाक्यानं शिवलेली. लेखकाच्या शेवटाला हात न लावता मास्तरांनी पुढे थोडी जागा दाबून ठेवली होती. माझ्याही ते नंतरच लक्षात आलं. तिनं ती पानं चिमटीत धरून पाहिली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे चक्की थांबली. आता भाऊंना नीटसं दिसत नाही, म्हणून ते आमच्या ओट्याच्या अंदाजानं पाहत होते.

"जेवली काय वं?" त्यांनी विचारलं.

ती पुस्तक तसंच उघडं ठेवून उठली. मी ते मिटून कपाटात ठेवलं.