थिर्झा पेंडरचं गाणं

आमच्या पोर्थकेरन या इंग्रजी कोळीगावात रविवारची जेवणं आटोपली की 'तीन नांगर' पबात खलाशांची जुनी गाणी होतात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी 'ओढा रे, ओढा' म्हणत ती झेलायची. गाणं ज्याने सुरू केलं त्याचं; तो जिवंत असेतो दुसऱ्याने ते सुरू करायचं नाही. तो गेला की वर्षभर गाणं बंद, आणि मग तो ज्याचं नाव घेऊन गेला असेल त्याचं.

हेडली पेंडर मागच्या मार्चात कुणाचंच नाव न घेता गेला.

थिर्झा त्याची बायको. चाळीस वर्षं मासळीच्या शेडमध्ये बांगडे साफ केलेली. हातांना मिठाच्या भेगा आणि जीभ सुरीहून धारदार. पबात मात्र दाराशी उभी राहून नुसतं 'ओढा रे' म्हणायची. हेडलीच्या गाण्यात दर हिवाळ्यात नवं कडवं यायचं, कधी पाद्र्याची खोडी, कधी बंदरातल्या साहेबाची. आम्ही पोट धरून हसायचो. "हेडल्या, डोकं आहे हं तुला!" असं मी म्हटलं की तो ग्लासात नाक खुपसायचा. मला वाटायचं, किती हा विनय!

वर्ष सरलं. गाणं आता क्लेमो बेकरकडे जाणार, हे आम्ही पुरुषांनी आपसांत ठरवूनही टाकलं होतं. त्याचा गळा दणदणीत. शुक्रवारी मी होडी रंगवत होतो, तिथे थिर्झा आली.

"विल, ते गाणं मला हवंय."

"अगं, पाठ असून भागतं का? त्याने तुझं नाव घ्यायला हवं होतं."

"तुम्हा लोकांसमोर? मेला असता लाजेने," म्हणाली आणि गेली. मी पुन्हा ब्रश उचलला.

रविवारी क्लेमोने खाकरून घसा साफ केला, तोच दाराकडून तिने पहिली ओळ टाकली. आवाज जाडाभरडा. कुणीच झेलली नाही.

क्लेमो हळूच म्हणाला, "थिर्झा, तुझं दुःख कळतं गं. पण रीत ती रीत."

"रीत मलाही ठाऊक आहे, पाववाल्या. ज्याचं गाणं त्याने म्हणावं. ऐक आता." आणि तिने आम्ही कधीच न ऐकलेलं कडवं काढलं:

"हेडली गातो छाती काढून,
कडवं मागतो चूल गाठून;
दे गं थिर्झे, एकच दे गं,
भांडी देतो मीच घासून!"

माझे तर कान तापले. तीस वर्षं आम्ही भलत्याच माणसाला शाबासकी देत होतो, आणि ती दाराशी उभी राहून ऐकत होती. मला स्वतःची लाज वाटली.

"ओढा रे, ओढा!" पहिला क्लेमोच ओरडला, आणि खाली बसला. मग आम्ही सगळेच. पाद्री झाला, साहेब झाला, नऊ कडवी झाली. मग ती थांबली.

"आता एक त्याने स्वतः रचलेलं. एकच. टुकार आहे, पण हसाल तर बघा."

ना ताल, ना यमक:

"वारा पडला, मासळी नाही,
थिर्झा घरी आहे, मी परत चाललो."

शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फुटला. कुणी हसलं नाही. ओळ आम्ही झेलली, पुन्हा झेलली, ती मान वर करेपर्यंत झेलत राहिलो.