आतल्या बाकावरचा चहा

राखीव जागेवर कारकून झालो, त्याच दिवशी परंड्याच्या हॉटेलात चहा पिऊन कप मीच विसळला. आज ठेल्यावर कागदी कपात चहा घेताना ते आठवून हसू आलं. तेव्हा हसू आलं नव्हतं.

आमच्या लोकांचे कप बाहेर वेगळे असत, ज्यानं त्यानं धुवायचे. मी ठरवून आतल्या बाकावर बसलो, सगळ्यांच्या कपात चहा प्यालो आणि सवयीनं उठून कप धुतला! लोक फिदीफिदी हसले.

माझ्यासोबत येऊन बाहेरच थांबलेली माय दारातून ओरडली, "येड्या, कप धुवायला नोकरी लागली व्हय?"

मी पुन्हा बसलो. दुसरा चहा मागवला आणि उष्टा कप टेबलावरच ठेवून ताठ मानेनं बाहेर आलो.

माय म्हणाली, "ताठ काय चालतूस? घाबरून अर्धा चहा तसाच सोडलास की!"