रजिस्टर माझ्या हाती

अलिबागजवळच्या एका रिसॉर्टमध्ये मी अकरा वर्षं खोल्या आवरल्या. तिथल्या ऑफिसात एक जाड रजिस्टर असतं. पाळी संपली की दिवसभरात काय काय घडलं ते त्यात इंग्रजीत लिहायचं. लिहायचा सुपरवायझर, आणि आम्ही बायका मुकाट्याने खाली सह्या करायचो.

दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याचं घड्याळ हरवलं. त्या संध्याकाळीही मी नेहमीसारखी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर मॅडमनी बोलावून विचारलं, "खोलीत शेवटी तूच गेली होतीस ना? इथे तसं लिहिलंय, खाली तुझी सही आहे." मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. घड्याळ दुपारी पाहुण्याच्याच गाडीत सापडलं, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. सुपरवायझरवर कमी, स्वतःवर जास्त. दहावी पास झालेली बाई, आणि न वाचता सही करते!

म्हणून सुपरवायझर नोकरी सोडून चाललाय असं कळलं, तेव्हा मी मॅडमना सांगून टाकलं की यापुढे रजिस्टर मी लिहीन. मॅडम मुंबईच्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण कामाला कडक. त्या म्हणाल्या, "महिना घे. चाचणीत जमलं तर तू, नाहीतर मुंबईहून माणूस आणते."

शब्द मला येत होते. इतकी वर्षं पाहुण्यांचं बोलणं ऐकून टॉवेलपासून गीझरपर्यंत सगळं ठाऊक होतं. अडायचं ते घडून गेलेलं सांगताना. "गेस्ट कम, की टेक, ग्लास ब्रेक" असं माझं इंग्रजी. त्यात कालचं, आजचं आणि उद्याचं सगळं एकच. आणि रजिस्टर तर घडून गेलेल्याचंच असतं. शेवटी शाळेच्या एका जुन्या पुस्तकातून क्रियापदांचा तक्ता उतरवून काढला.

पाठ करायला वेळ कुठला? चौलला आमची वाडी आहे. घरी आले की सासूबाईंबरोबर नारळ निवडायला बसावं लागतं. सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माझी पुटपुट ऐकून त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल की. मी मोजते." आमच्याकडे नारळ मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्या एकेक नारळ बाजूला टाकत "लाभ" म्हणायच्या, मी "टेक". त्या "दोन", मी "टुक". त्या "तीन", मी "टेकन". मी अडखळले की तिसरा नारळ हातात धरून बसायच्या, खाली ठेवायच्या नाहीत. पंधरा दिवसांत त्यांना चाल इतकी पाठ झाली की मी चुकले तर माझ्याआधी त्यांना कळायचं.

"कट, कट, कट" आलं तेव्हा म्हणाल्या, "ह्यो तिन्ही टायमाला त्योच? आळशी हाय मेला." मी समजावलं, की दुसरं रूप एकटं चालतं, तिसऱ्याला मात्र हॅव, हॅड असं कुणीतरी बरोबर लागतं.

"व्हय, नव्या नवरीवानी," त्या म्हणाल्या. "येकटीला बाजारात धाडायची न्हाय."

कुठल्याही मास्तरांनी मला हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "ब्रेकची तिन्ही रूपं सांग." मी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ ब्रेक, दोन ब्रोक, तीन ब्रोकन." दाराशी उभ्या असलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग रागच आला. हसण्यासारखं काय होतं त्यात? मी म्हणाले, "माझ्या सासूबाई असंच मोजतात, आणि मी त्यांच्यासमोर बसून शिकलेय. रूपं बरोबर आहेत की नाहीत ते सांगा."

"बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या आणि पेन पुढे केलं. "आता कालचा दिवस लिही."

मी बारा ओळी लिहिल्या. दोन स्पेलिंगं चुकली, पण काय घडलं ते सांगताना एकदाही चुकले नाही. मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात नारळाच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करत होत्या. माझी बातमी ऐकली आणि त्या भाव-बिव विसरल्या. "आमची सून आता विंग्रजीत लिवते," त्याला म्हणाल्या. "म्या शिकिवलंय तिला." मी हसले नाही, कारण ते खरं होतं. मला त्यांचा आणि माझा, दोघींचाही अभिमान वाटला, आणि अजून वाटतो.

पहिल्याच आठवड्यात एका खोलीतला आरसा फुटला. पाहुणे सकाळीच निघून गेले होते. खोली आवरायला गेलेली बाई आमच्यातली सगळ्यात वयस्कर. तिला सहीपुरतीच अक्षरं येतात. आत गेले तेव्हा आरसा फुटलेलाच होता, असं ऑफिसात येऊन सांगून ती हात चोळत उभी राहिली. मी लिहिलं, की आरसा आधीच फुटलेला होता, हिने तो अकरा वाजता पाहिला आणि लगेच येऊन सांगितलं. मग पेन तिला न देता ओळींवर बोट ठेवून सगळं मराठीत वाचून दाखवलं.

"येवढंच लिवलंस?" तिने विचारलं.

"एवढंच. घडलं तेवढंच."

"परत वाच."

मी परत वाचलं. मग तिने पेन मागितलं.