तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा

ज्या माणसानं उभ्या जगाला वर चढवलं, त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे मी त्यांना भेटतील तेव्हा ऐकवायचो. आमचे लिफ्टवाले. राहायला बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. काम लिफ्ट बसवण्याचं, तेही इथं नव्हे, परमुलखात. एक इमारत झाली की दुसरी, एक देश झाला की दुसरा. दोन-तीन वर्षांतून एकदा महिनाभर घरी यायचे, जिना चढताना धापा टाकायचे, आणि मी दारात उभा राहून विचारायचो, "काय लिफ्टवाले, आपल्या जिन्याची पाळी कधी?" ते हसायचे आणि बॅग या हातातून त्या हातात घ्यायचे.

तर हे लिफ्टवाले गेल्या वर्षी कायमचे घरी आले. त्यानंतर वर जे काही झालं ते मी इतके दिवस पोटात ठेवलं हाच एक चमत्कार आहे. आमच्या हिला विचारा.

आधी वहिनींचं सांगतो. वहिनी म्हणजे लिफ्टवाल्यांची बायको. त्यांनी एकटीनं मुलगी वाढवली, शिकवली, लग्न करून दिली, गळकं छत दुरुस्त करून घेतलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा रडवलं. आमच्या इमारतीची बांधणी अशी, की वर चमचा पडला तर तो चहाचा की वाढण्याचा हे खाली कळतं. तर वहिनी घरात एकट्या असताना वर बोलणं चालायचं. सकाळी, चहाच्या वेळेला. "अरे, पण मी काय म्हणते..." मग थांबायच्या. "हो, तेही आहेच." पुन्हा थांबायच्या. मग हसणं. कधी भांडण, "तुला काय जातंय बोलायला!" आणि त्यावर बराच वेळ शांतता. एकट्या माणसाच्या घरातली शांतता वेगळी असते हो. ही दोन माणसांची होती, भांडण झाल्यावर असते तशी.

फोनवर बोलत असतील, असं मीही म्हटलं. पण आमच्या हिला फोन पुरला नाही. साखर मागायच्या निमित्तानं वर गेली, घरात डबाभर साखर असताना, आणि परत आली ती पांढरीफटक.

"खिडकीपाशी त्यांची खुर्ची आहे ना, हातांची? तिच्यासमोर भरलेला कप होता. वाफ निघत होती. मी बसायला गेले तर म्हणाल्या, तिथं नको हो, इकडे बसा."

"मग?"

"मग काय मग! मी इकडे बसले."

ती खुर्ची लिफ्टवाल्यांची. संसारात पहिल्यांदा घेतलेली वस्तू. ते पहिल्यांदा गेले तेव्हा मुलगी नुकती बोलायला लागली होती. वहिनींनी तिला खुर्ची दाखवून सांगितलं, बाबा इथं बसतात. पुढे ती शाळेत निघताना खुर्चीला "येते हं बाबा" म्हणून निघायची, हे सगळ्या जिन्यानं ऐकलेलं आहे. लग्न होऊन जातानाही खुर्चीसमोर वाकली. बाप तेव्हा कुठल्याशा विमानतळावर अडकून पडला होता. दुसऱ्या कपातला चहा निवला की वहिनी तो पिऊन टाकायच्या. आम्ही काय बोलणार? काही बायका रेडिओशी बोलतात. आमची ही माझ्याशी बोलते, उत्तर तिलाही मिळत नाही.

सुटीच्या महिन्यात त्या खुर्चीवर आणलेल्या सामानाचा ढीग असायचा, म्हणून कधी प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो कायमचे आले त्या दिवशी. लिफ्टवाल्यांनी बूट काढले, टाचा भिंतीला आणि टोकं दाराकडे करून ठेवले, आत आले, आणि खुर्चीकडे बोट करून स्वतःच्या बायकोला विचारलं, "इथं बसू?"

वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "नको, तिथं..." आणि त्या जीभ चावून थांबल्या.

"बरं बरं," असं म्हणून ते स्टुलावर बसले. पाहुण्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्यानंतर ते स्टुलावरच बसू लागले.

आणि पाहुणा तरी कसा, तर जगात कुणाला मिळणार नाही असा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या खोल्यांत काढलं त्यांनी. एका देशात ताट चाटूनपुसून संपवलं नाही तर घरमालकीण रुसायची. दुसऱ्या देशात ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढायचे, जीव जाईपर्यंत. कुठं जेवताना बोलणं म्हणजे असभ्यपणा, कुठं गप्प बसणं म्हणजे अपमान. या सगळ्याचा लिफ्टवाल्यांनी एक काढा करून ठेवला होता, कुठंही चालेल असा. सगळं खायचं, शेवटचा एक घास ठेवायचा, जेवताना बोलायचं नाही, उठताना "फार छान" म्हणायचं आणि आपलं ताट आपण धुवायचं. हा काढा ते आता घरी बायकोला पाजत होते. टॉवेल वाळवून बॅगेत, दात घासायचा ब्रश बॅगेत आणि बॅग दाराशी.

वहिनी आमच्या हिच्याजवळ म्हणाल्या, "सकाळी उठून बघते तर शेजारी कुणी झोपलं होतं असं वाटतच नाही. चादर जशीच्या तशी. उशीवर डोक्याचा खळगासुद्धा नाही. मी आपली हात फिरवून बघते, ऊब तरी आहे का."

"आणि?"

"ते कधीचे उठून स्टुलावर बसलेले असतात, मी उठायची वाट बघत."

दुसरी गोष्ट सांगताना मात्र त्या हसल्या, म्हणून तुम्हालाही सांगतो. लिफ्टवाल्यांना सवय, जाग आली की डोळे उघडण्याआधी हात लांबवून भिंत चाचपायची, म्हणजे आज आपण कुठल्या खोलीत आहोत, दार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. एका पहाटे हात लांबवला तो वहिनींच्या खांद्याला लागला. दचकून उठले आणि माफी मागितली. परक्या भाषेत! "कुठली भाषा ते नाही कळलं," वहिनी म्हणाल्या, "पण अगदी मनापासून मागत होते." मग हसू थांबलं आणि त्या बराच वेळ आमच्या टेबलावरचा डाग नखानं खरवडत बसल्या.

ते आल्यावर आठवडाभर वरचं बोलणं बंद होतं. मग हळूच पुन्हा सुरू झालं. लिफ्टवाले भाजीला खाली उतरले की लगेच.

एकदा ते भाजीची पिशवी घेऊन वर जाताना आमच्या दारापाशी थांबले आणि चक्क पायरीवर बसले. मी म्हटलं, "दमलात? स्वतःसाठी एक लिफ्ट बसवली असतीत तर..."

ते हसले नाहीत. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाले, "तुम्ही खाली राहता. खरं सांगा. वर माझ्या बायकोशी कोण बोलतं?"

आता अशी संधी मी कशी सोडणार? म्हटलं, "असेल कुणी. तुमच्यापेक्षा जास्त वर्षं राहतोय, एवढं नक्की."

"म्हणजे आहे," ते म्हणाले. चेहरा असा उतरला की मी थट्टा आवरली. "मी किल्ली असून बेल वाजवतो. बेल वाजली की ती बोलायची थांबते. दार उघडते तेव्हा तोंडावर हसू असतं, पण ते माझ्यासाठी आणलेलं नसतं. रात्रीचं जेवायला बसलो की ती खिडकीकडे बघते. तिथं कुणी नसतं. पण मी बघितलं की वाटतं, आत्ताच उठून गेलं."

मग बोलता बोलता त्यांनी आपल्या कामाचं सांगितलं. लिफ्ट ताब्यात देण्याच्या दिवशी आत एकट्यानं उभं राहायचं, वरपासून खालपर्यंत एक फेरी मारायची आणि जाता जाता मऊ फडक्यानं पत्र्यावरचे आपल्या हातांचे ठसे पुसत यायचं. तळमजला आला की बाहेर. उद्यापासून त्यात लोक चढणार, त्यांना इथं आधी कुणी होतं असं वाटता कामा नये. "पहिल्या उस्तादानं शिकवलं ते. मग खोल्यांतही तसंच करायला लागलो. विमानतळावर रात्र काढली तरी निघताना खुर्ची पुसायचो. त्या खुर्च्या कुठल्याही देशात सारख्याच असतात बघा, एकमेकींना जोडलेल्या, आणि आडवं होता येऊ नये म्हणून मध्ये दांडा. तिथं बसलो की घर अगदी स्वच्छ दिसायचं. मी खिडकीशी बसलोय, ती चहा आणतेय. इतकं स्वच्छ, की वाटायचं मी तिथंच आहे आणि इथं दुसराच कुणी बसलाय." पिशवीतल्या कोथिंबिरीकडे बघत म्हणाले, "परत बोलावलंय कंपनीनं. पोरांना शिकवायला, दोन वर्षं. आज उत्तर द्यायचंय."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"तुमची इच्छा, म्हणाली."

"आणि तुमची इच्छा?"

"मला कुणी राहा म्हटलेलं नाही."

एवढ्यात डोक्यावर वहिनींचा आवाज आला. मी लिफ्टवाल्यांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. लोकांच्या दाराला कान लावू नये हे मलाही कळतं. पण बरोबर खुद्द घराचा मालक असताना कसला आलाय संकोच! आम्ही चोरासारखे वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून खुर्चीची पाठ दिसत होती आणि तिच्यासमोर कप.

"दोन वर्षांचं बोलावणं आहे पाहुण्याला," वहिनी म्हणत होत्या. थांबल्या. "मी काय म्हणणार? तुमची इच्छा म्हटलं." थांबल्या. "आता तू नको शिकवूस मला. तोंडच उघडत नाही माझं. काल भाजीत मीठ घालायचं राहिलं. मुद्दाम नाही रे, खरंच राहिलं. सगळी खाल्ली, एक घास ठेवला आणि म्हणाला, फार छान. अशा माणसाला राहा कसं म्हणायचं? तू असतास तर ताट सरकवलं असतंस."

कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"तो गेला तर मला काही जाणवायचंही नाही. तू आहेसच. त्याचीच भीती वाटते मला."

आणि त्या थांबल्या, उत्तरासाठी. सांगायला लाज वाटते, पण मीही कान टवकारले. लिफ्टवाल्यांनी तर श्वास रोखला होता. मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण वहिनी "हं" म्हणाल्या, आणि ते "हं" कुणाचं तरी पूर्ण ऐकून घेतल्यावरचं होतं.

लिफ्टवाल्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली, दार ढकललं आणि बुटांसकट आत गेले. सरळ खिडकीपाशी. वहिनी उठून उभ्या राहिल्या, काही बोलणार तेवढ्यात हे खुर्चीकडे बघून म्हणाले, "जरा सरकून बस."

आणि बसले. अर्ध्याच खुर्चीवर, एका मांडीवर, उरलेली जागा सोडून.

वहिनींच्या हाताची बोटं तोंडावर गेली.

"कालच्या भाजीत मीठ नव्हतं," लिफ्टवाले म्हणाले. "अजिबात नव्हतं."

"मग काल का नाही बोललात?"

"कुणी विचारलं मला?"

"नवऱ्याला विचारावं लागतं? आणि बूट! बूट घालून आत आलात! सगळी फरशी..."

"माझ्या घरात आलोय."

"बरं मग आता करा घाण ती फरशी! घर तुमचं आणि पुसायला मी!"

एवढं ऐकून मी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि खाली आलो. उरलेलं छतातून ऐकू येणारच होतं. भांडण संध्याकाळपर्यंत चाललं, जुन्या जुन्या गोष्टी निघाल्या, एकदा कुणीतरी रडलं, बहुधा ते. फरशीवरचे बुटांचे ठसे वहिनींनी कित्येक दिवस पुसले नाहीत, ही आमच्या हिची बातमी. दिवेलागणीला लिफ्टवाल्यांनी कंपनीला फोन लावला तेही मी ऐकलं. "नाही जमणार," ते म्हणाले. "घरी माणसं आहेत."

माणसं. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही. वर दोघंच राहतात.

आता दोन आवाज येतात. सकाळी चहाच्या वेळेला चांगला गोंधळ असतो. फक्त मधूनच दोघंही एकदम थांबतात. जरा वेळ काही नाही. मग दोघंही एकदम हसतात. आमची ही अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवते.

परवा दोघं आमच्याकडे चहाला आली होती. लिफ्टवाल्यांनी बिस्किट मऊ पडलंय म्हणून तोंड वाकडं केलं, आमच्या हिला राग आला, वहिनी अभिमानानं बघत होत्या. मी माझं ठरलेलं लिफ्टचं काढणार, तेवढ्यात वर खुर्ची सरकली. आमच्या छतातून त्यात फसगत होत नाही. लाकडी पाय, आधी मागचे, मग पुढचे.

आमच्या हिनं माझा हात धरला. वर कुलूप होतं, किल्ली इथं टेबलावर, बशीशेजारी.

वहिनींनी छताकडे बघितलं. "चहाची वेळ झाली त्याची," म्हणाल्या, आणि उठायला लागल्या.

लिफ्टवाल्यांनी त्यांचा पदर धरून खाली बसवलं. "बसू दे जरा वाट बघत," ते म्हणाले, आणि दुसरं बिस्किट घेतलं. "मीही बघितलीय."